रुक्मिणीचे पद

सातपुड्याच्या दक्षिणेस आणि तापीच्या उत्तरेस, अरुणावती नदीच्या काठी शिरपूर हे गाव वसले आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता याच गावाजवळून जातो. वैशाखात अक्षय्य तृतीयेचा सण येतो, त्यास या भागात आखाजी म्हणतात. लेकी सासरहून माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्याच्या हेलकाव्याबरोबर गाणी सुरू होतात. त्या गाण्यांत माहेरची ओढ असते, भावाची वाट पाहणे असते, सासरच्या माणसांना काढलेले चिमटेही असतात. एरवी जी मुलगी वडीलधाऱ्यांसमोर मान वर करून बोलणार नाही, ती झोक्यावर बसली म्हणजे मनातले सारे गाण्यात सांगून टाकते. गाणे संपले की कोणी तिला त्याचा जाब विचारीत नाही.

जे बोलून सांगता येत नाही ते गाऊन सांगता येते, ही गोष्ट मराठी नाटककारांनी फार लवकर ओळखली. त्यातूनच संगीत नाटक आणि त्याबरोबर नाट्यपद जन्मास आले. नाट्यपदे अनेक प्रकारची आहेत. काही देवाची स्तुती करणारी, काही उपदेशाची, काही विनोदी. परंतु लोकांच्या ओठांवर जी सर्वांत अधिक रुळली ती प्रेमाची पदे होत. अशा एका पदाची ही हकिगत आहे. ते पद ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीच्या तोंडी आहे आणि ‘नाथ हा माझा’ या त्याच्या आरंभीच्या शब्दांनी ते ओळखले जाते.

मराठी नाटकात प्रारंभी पात्रे स्वतः गात नसत. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. त्या वेळी पदे गाण्याचे काम सूत्रधाराकडे होते. सीतेला दुःख झाले की गात असे तो सूत्रधार, आणि रामाला आनंद झाला तरी तोच. पात्रांनी त्या गाण्यास अनुसरून अभिनय करावा आणि मधून मधून आपल्या मनाने भाषण करावे, अशी रीत होती. यात एक अडचण होती. एखाद्याच्या मनातील गुज दुसऱ्यानेच मोठ्याने सांगावे, तसा हा प्रकार होई. बातमी कळे, पण हृदय हलत नसे.

ज्या वर्षी भाव्यांचा पहिला खेळ झाला, त्याच वर्षी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. पारशी मंडळींच्या नाटकांत पात्रे स्वतः गातात हे त्यांनी पाहिले, आणि मराठीतही तसेच करावे असे त्यांच्या मनाने घेतले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चे त्यांनी मराठी रूप सिद्ध केले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचा प्रयोग झाला. त्यात सुमारे दोनशे पदे होती. शकुंतला स्वतः गात होती, दुष्यंत स्वतः गात होता. प्रेमाचे गाणे ज्याचे त्याच्या मुखी आले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. सुभद्रेचे अर्जुनावर प्रेम आणि थोरल्या भावाच्या मनात मात्र दुर्योधन, असा त्यातील पेच आहे. हे नाटक आजही रंगभूमीवर उभे राहते.

किर्लोस्करांचे एक शहाणपण येथे सांगितले पाहिजे. त्यांनी लोकांना अनोळखी चाली ऐकवल्या नाहीत. कीर्तनातील साकी आणि दिंडी, बायकांच्या गाण्यांतील वळणे, लावणीचा ठेका, कर्नाटकातून आलेल्या चाली, असे जे कानांच्या परिचयाचे होते तेच त्यांनी वेचून घेतले. त्यामुळे प्रेक्षक घरी परतताना पद गुणगुणत जाई. ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला त्याच १८८० साली जळगावजवळच्या आसोदे या गावी बहिणाबाई चौधरी जन्मास आल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. जात्यावर आणि शेतात त्यांची गाणी आपोआप तयार होत. पुण्याच्या नाटकगृहात आणि आसोद्याच्या शेतात एकमेकांची वार्ताही नव्हती. पण दोन्हीकडे मराठी शब्द चालीवर बसवण्याचे तेच काम चालले होते.

पुढे नाटकांतील चाली पालटत गेल्या. काही काळ पारशी रंगभूमीवरील उडत्या चालींची चलती होती. त्यानंतर मात्र ख्यालगायनाचे वारे नाटकात शिरले. ख्याल म्हणजे गवई मैफलीत जे विस्ताराने गातात ते गाणे. ते तोवर बहुधा राजेरजवाड्यांच्या दरबारात आणि धनिकांच्या दिवाणखान्यात ऐकू येई. सामान्य शेतकऱ्याच्या वा दुकानदाराच्या कानी ते पडण्याचा संभव थोडा. हे गाणे तिकीट काढून येणाऱ्या कोणाही माणसापुढे मांडण्याचे काम ज्या नाटकांनी केले, त्यांत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ ही दोन नाटके अग्रभागी आहेत. ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, ‘स्वयंवरा’च्या भास्करबुवा बखले यांनी.

‘स्वयंवर’ १० डिसेंबर १९१६ रोजी रंगभूमीवर आले. त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. विदर्भाच्या भीष्मक राजाची कन्या रुक्मिणी कौंडिण्यपूरची. हे गाव वर्धा नदीच्या काठी, आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिने मनाने श्रीकृष्णास वरले होते. तिचा भाऊ रुक्मी याला मात्र बहीण शिशुपालास द्यावयाची होती. भागवतात रुक्मिणी एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र पाठवते. घरातील माणसांच्या इच्छेविरुद्ध आपला वर आपणच निवडणारी ही मुलगी. ‘हा माझा नाथ’ असे लग्नापूर्वी म्हणावयाचे म्हणजे केवढे धैर्य! १९१६ सालच्या मराठी घरात एखाद्या मुलीने असे शब्द उच्चारले असते, तर घर डोक्यावर घेतले गेले असते. नाटकगृहात मात्र त्याच घरांतील माणसे रात्रभर बसून ते शब्द पुनःपुन्हा ऐकत, आणि त्यांना ते गोड वाटत.

या पदाला चाल देणारे भास्करबुवा १८६९ साली जन्मले. लहानपणी त्यांचा कंठ गोड होता, म्हणून ते किर्लोस्कर मंडळीत बालनट झाले. पण मुलगा वयात येऊ लागला की त्याचा आवाज फुटतो. स्वर घोगरा होतो, ताब्यात राहत नाही. भास्करचेही तसेच झाले आणि नाटकमंडळीतील त्याचे मोल एकाएकी उतरले. ज्या मुलाच्या गाण्यावर कालपर्यंत लोक खूश होत, तो आज नकोसा झाला. त्याने नाटक सोडले आणि बडोद्यास फैजमहंमद खाँ यांच्याकडे शिकण्यास आरंभ केला. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांचीही विद्या त्यांनी मिळवली. तीन थोर गुरूंची गायकी एका कंठात साठवलेला असा गवई क्वचितच झाला असेल. गोड आवाज गमावलेल्या या बालनटाने सत्तेचाळीस वर्षांचा असताना ‘स्वयंवरा’च्या चाली दिल्या.

रुक्मिणीची भूमिका करणारे नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे शिष्य होते. लोकमान्य टिळकांनी लहानपणी त्यांचे गाणे ऐकून ‘बालगंधर्व’ म्हटले, ते नाव कायमचे झाले. त्यांच्या गाण्याचे आरंभीचे धडे खानदेशातले आहेत. लहान नारायण जळगावी नातेवाइकांकडे राहून मेहबूबखाँ यांच्याजवळ शिकत होता. तेव्हा पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी जिल्ह्याची वाटणी झालेली नव्हती, ती १९०६ साली झाली. जळगाव आणि शिरपूर ही दोन्ही गावे त्या वेळी एकाच खानदेश जिल्ह्यात मोडत. १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर मंडळीत गेले, आणि १९१३ साली त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली.

त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, कारण घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकणे समाजास मान्य नव्हते. बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून मात्र स्त्रियाच त्यांचे अनुकरण करू लागल्या. लुगडे कसे नेसावे, अंबाड्यात फूल कसे माळावे, हे त्यांच्याकडे पाहून ठरू लागले. या कीर्तीमागे केवढी कठोर निष्ठा होती हे एका प्रसंगावरून कळते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्याविषयी बोलणे झाले, पण बालगंधर्व उभे राहिले आणि नायिका भामिनीची भूमिका त्यांनी पार पाडली. असे करणे योग्य की अयोग्य, यावर दोन मते होऊ शकतात.

आता पद तयार कसे होते ते पाहू. झोक्यावरच्या गाण्यात शब्द आणि चाल बहुधा बरोबरच जन्मतात. ‘स्वयंवरा’सारख्या नाटकात क्रम उलटा असे. भास्करबुवा गवयाच्या संग्रहातील एखादी बंदिश निवडीत. तिचे शब्द ब्रज किंवा हिंदी बोलीतले असत. ती चाल ऐकून खाडिलकर तिच्यावर बसतील असे मराठी शब्द रचीत. हे काम मापाचे कपडे शिवण्यासारखे आहे. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, हे शाळेत शिकवले जाते. ‘नदी’ या शब्दात तीन मात्रा होतात, ‘तापी’ या शब्दात चार. चालीतील एखाद्या जागी चार मात्रांचे स्थान असेल तर तेथे ‘तापी’ नेमका बसेल; ‘नदी’ घातला तर एक मात्रा रिकामी राहील आणि गायकाला ‘दी’ लांबवावा लागेल. शिवाय सम जेथे येते, म्हणजे तालाचा मुख्य ठोका जेथे पडतो, तेथे महत्त्वाचा शब्द आला पाहिजे. आणि एवढे सारे सांभाळून अर्थही रुक्मिणीच्या मनाला शोभेल असा हवा. खाडिलकरांच्या पदांतील शब्दरचना पुष्कळदा ओढाताणीची वाटते, वाक्य उलटेसुलटे लागते, त्याचे एक कारण हे आहे. वाचताना जी ओळ अडखळते तीच गाताना सरळ वाहते. पद हे वाचण्यासाठी रचलेलेच नव्हते.

‘नाथ हा माझा’ हे पद यमन रागात आहे. यमनात सातही स्वर लागतात. त्यांतील मध्यम तेवढा तीव्र असतो आणि बाकीचे शुद्ध. पेटी शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या काळातच जे राग शिकवतात त्यांत यमन हटकून असतो. तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. तीव्र मध्यमामुळे त्या रागाला एक उंच, उजळ अशी ओढ येते. आपल्या प्रियकराचे नाव अभिमानाने घेणाऱ्या मुलीला हा स्वर किती साजतो! येथे विरहाचे रडणे नाही. लाजही बेताचीच आहे. आपली निवड चुकलेली नाही असा विश्वास त्या स्वरांत आहे. एखादा उदास राग या जागी असता, तर शब्द तेच राहूनही रुक्मिणी दुबळी झाली असती.

गद्य संवाद चालू असता सारंगीतून हलकेच स्वर येई आणि बालगंधर्व बोलता बोलता गाण्यात शिरत. बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले हे कळत नसे, असे त्यांचे प्रयोग पाहिलेले लोक सांगत. पायाने भाता मारून वाजवावयाचा ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि पुढील काळात अहमदजान थिरकवा यांचा तबला, अशी साथ त्यांना लाभली. पदाची ओळ एकदा सरळ म्हणून झाली की तीच ओळ नव्या स्वरांनी सजवून पुन्हा म्हटली जाई. प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे. दोन ओळींचे पद मग अर्धा तासही चाले.

येथेच नाट्यपदाची खरी कसोटी आहे. रुक्मिणी एकदा ‘हा माझा नाथ’ म्हणाली तर ती प्रेमात पडलेली मुलगी असते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा म्हणाली की ती रुक्मिणी राहत नाही. बालगंधर्व गात आहेत आणि लोक ऐकत आहेत, एवढेच उरते. बिचारा समोरचा नट हात जोडून अथवा मान वाकडी करून उभा असतो. कथेची गाडी रुळावरून उतरते. रात्री नवाला सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत लांबतो. या प्रथेस त्या काळीही जाणत्या टीकाकारांनी नावे ठेवली, आणि ती रास्तच होती. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याने आयुष्यात कधी मैफल ऐकली नाही, त्या माणसाला या ‘वन्स मोअर’मुळेच एका ओळीची दहा रूपे ऐकावयास मिळत. राग म्हणजे काय हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही, रुक्मिणीने शिकवले.

इतर देशांतही गाण्यांची नाटके आहेत. युरोपातील ऑपेरात तर भाषण जवळजवळ नसतेच, सारे गायनच असते. अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात ब्रॉडवे नावाचा रस्ता अशा संगीतिकांसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ साली तेथे ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका गाजली. ती ज्या इंग्रजी नाटकावर आधारलेली आहे त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी पुढे ‘ती फुलराणी’ लिहिली. तेथील प्रेमगीते आणि आपले नाट्यपद यांत एक मोठा भेद आहे. तिकडे संगीतकार प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो आणि वाद्यवृंदाला व गायकाला त्याच वाटेने जावे लागते. आपल्याकडे चाल म्हणजे केवळ वाट दाखवणारी खूण असते. पुढचा प्रवास गायक त्या रात्री, त्या श्रोत्यांपुढे स्वतः ठरवतो. म्हणून ‘नाथ हा माझा’ एका रात्री जसे झाले तसेच ते दुसऱ्या रात्री झाले नसेल.

मोठ्या नाटकमंडळीचा संसार भला थोरला असे. रंगवलेले पडदे, दागदागिने, उंची वस्त्रांच्या पेट्या, वाद्ये, आचारी आणि नोकरचाकर यांच्यासह तो हलवावयाचा म्हणजे लोहमार्ग जवळ हवा. शिरपूर गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. जवळचा लोहमार्ग तापीच्या पलीकडे, नरडाण्यावरून सुरत आणि भुसावळ या बाजूंना जाणारा. पावसाळ्यात तापीला पूर आला की दोन तीरांचा संबंध तुटे. पद मात्र पडद्यांच्या पेट्यांवाचून प्रवास करू शकते. आधी छापील पुस्तके आली. त्यांत पदाच्या वर राग, ताल आणि मूळ चालीचे नाव दिलेले असे. मग पेटी आली. आणि त्यानंतर कर्णा लावलेला फोनो आला.

फोनोची तबकडी लाखेपासून बनत असे. लाख म्हणजे पळस, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी तयार केलेली राळ. ही दोन्ही झाडे सातपुड्याच्या परिसरातील मुलांना नवी नाहीत. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई, आणि एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर अर्धा तास फुलणारे पद तीन मिनिटांत आटोपावयाचे! बालगंधर्वांसारख्या गायकाची यात केवढी परीक्षा झाली असेल. पण झाले ते बरेच झाले. नको तेवढे लांबण गळून पडले आणि पदाचा गाभा तेवढा राहिला. तबकडीत ‘वन्स मोअर’ मागावयाचा तर उठून चावी द्यावी लागे, सुई उचलून पुन्हा कडेला ठेवावी लागे. ज्यांनी बालगंधर्वांना कधी पाहिले नाही, रुक्मिणीचा शालू पाहिला नाही, अशी खेड्यापाड्यांतील माणसे ही पदे अशी ऐकू लागली.

१९३२ साली मराठी बोलपट सुरू झाला आणि नाटकमंडळ्यांचे दिवस फिरले. गंधर्व मंडळी कर्जात बुडाली. १९३३ साली आलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात थोडीच गाणी होती. त्यांना केशवराव भोळे यांनी सुटसुटीत चाली दिल्या होत्या, आणि ज्योत्स्ना भोळे ही स्त्रीच स्त्रीची भूमिका करून गात होती. रात्रभर चालणारी नाटके मागे पडली. संगीत नाटक संपले असे पुष्कळांना वाटले. परंतु ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली आणि ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली आले, त्या दोहोंना जितेंद्र अभिषेकी यांनी चाली दिल्या आणि नाट्यपदाला पुन्हा तरुण श्रोते मिळाले. ‘कट्यार’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, १५ जुलै १९६७ रोजी, बालगंधर्वांचे निधन झाले. पुढल्या वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. जळगावी, जेथे त्यांनी पहिले स्वर गिरवले तेथेही, त्यांच्या नावाचे एक खुले नाट्यगृह आहे.

गवई आता मैफलीत मोठा ख्याल आटोपला की पुष्कळदा नाट्यपद घेतात. समोर ना कृष्ण असतो ना रुक्मी. पाठीमागे रंगवलेला राजवाडा नसतो. श्रोत्यांतील कित्येकांनी ‘स्वयंवर’ कधी पाहिलेले नसते. गाणारा पुरुष असो वा स्त्री, पहिली ओळ म्हणून झाली की तो तबलजीकडे पाहतो, समेवर मान हलवतो आणि तीच ओळ निराळ्या वाटेने पुन्हा म्हणू लागतो.